माझ्याच हातची गाठ

आमच्या घरात गाठ मारण्याचे खाते माझ्याकडे आहे. लोणच्याच्या बरणीचे फडके म्हणा, प्रवासाला निघताना बांधायची वळकटी म्हणा, मुले लहान असताना पतंगाची कण्णी म्हणा, जे जे म्हणून बांधायचे असेल ते शेवटी माझ्यापुढे येते. सौभाग्यवतीचे म्हणणे असे की, "माझी गाठ सुटते, ह्यांची कापावी लागते." इतकी वर्षे ही प्रशंसाच आहे अशी माझी समजूत होती.

ही विद्या मी शिकलो परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. आम्हांला शल्यशास्त्र शिकविणारे प्राध्यापक भारी कडक होते. साधी गाठ मारताना दोरा एकदा फिरवतात, शस्त्रक्रियेच्या गाठीत तो पहिल्या फेऱ्याला दोनदा फिरवायचा. त्यामुळे दुसरी गाठ बसेपर्यंत पहिली सरकत नाही. मग उलट बाजूने एक फेरा, आणि टोके अर्धा इंच ठेवून कापायची. ना कमी, ना जास्त. वसतिगृहातील खाटेच्या पायाला सुतळीच्या अशा शेकडो गाठी मी मारल्या. पुढे ती गाठ हातातच मुरली. हात रिकामा असला आणि समोर दोरीची दोन टोके असली, की माझे काम संपेपर्यंत मला कळतही नाही.

ह्या गाठीची एक गोष्ट मला आज सांगायची आहे. ती मी बरीच वर्षे कोणाला सांगितली नाही.

जालन्याला माझी बदली झाली ती २०१२ च्या पावसाळ्यात. पावसाळा म्हणायचा तो पंचांगापुरता. 'जालना, सोने का पालना' अशी ह्या गावाची जुनी ख्याती. मोंढ्यातली उलाढाल, बियाण्यांच्या कंपन्या, लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने आणि भोवती मोसंबीच्या बागा. पण त्या वर्षी पाऊस रुसला आणि २०१३ चा उन्हाळा उजाडला तेव्हा सोन्याच्या ह्या पाळण्यात घोटभर पाणी उरले नव्हते. कुंडलिकेच्या पात्रात धूळ उडत होती. बदनापूर-अंबडच्या बाजूला लोकांनी पोटच्या पोरासारख्या वाढविलेल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या. जेथे माणसाला टँकरची वाट पाहावी लागते, तेथे गुराला कोण विचारतो?

सरकारी दवाखान्याचे काम सांभाळून मंगळवारी आणि शनिवारी मी गावाबाहेरच्या पांजरपोळात जात असे. पांजरपोळ म्हणजे काय हे शहरातल्या नव्या पिढीला कदाचित सांगावे लागेल. आपल्याकडे व्यापारी पेठांतून ही जुनी रीत आहे. पोत्यामागे, गाठोड्यामागे व्यापाऱ्यांनी थोडी थोडी धर्मादाय वर्गणी काढायची आणि त्यातून लंगडी, आंधळी, म्हातारी जनावरे मरेपर्यंत पोसायची. दूध देणाऱ्या गाईला तेथे यायचे कारण नाही. जिचा हिशेब जमेच्या बाजूला बसत नाही, ती तेथे येते. रस्त्यावर सापडलेली बेवारशी गुरे, कोंडवाड्यातून कोणी सोडवायला न आलेली गुरे, मोटारीची धडक बसलेली गुरे, सारी वाट शेवटी त्या फाटकाशीच संपत असे.

त्या उन्हाळ्यात सकाळी फाटक उघडावे तो बाहेर खांबाला एखादा बैल बांधलेला दिसे. मालक रात्रीच निघून गेलेला. पुढे २०१५ च्या कायदादुरुस्तीने राज्यात बैल आणि वळू ह्यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हातारा बैल विकण्याचा मार्ग बंद झाला आणि फाटकावरच्या खांबाला विसावा म्हणून उरला नाही. कायदा बरा की वाईट हा वाद घालणारे पुष्कळ आहेत. माझ्यापुढचा प्रश्न एवढाच असे, की दीडशे जनावरांच्या गव्हाणीत दोनशे तोंडे आली तर कडबा कोणाच्या पुढून उचलायचा?

पांजरपोळात गुरांची सर्व व्यवस्था एका म्हाताऱ्याच्या हाती होती. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणे. अक्षरओळख बेताची, पण सकाळी शेणाचा पो पाहून ते कोणत्या गाईचे काय बिघडले आहे ते सांगत. रजिस्टरात प्रत्येक जनावराला क्रमांक होता. मामांचा कारभार मात्र वेगळा. जे गुरू जेथे सापडले तेच त्याचे नाव. मोंढ्यात सापडली ती 'मोंढेवाली', बसस्थानकावर सापडलेल्या वळूचे नाव 'यष्टी', आणि रेल्वेच्या रुळाशी पाय गमावलेले एक वासरू होते, त्याचे नाव 'पॅसेंजर'. मी क्रमांक विचारला की मामा नाव सांगत आणि मी नाव विचारले की म्हणत, "ल्हा तुमच्या कागदात काय ल्हायचं ते."

२०१७ च्या संक्रांतीनंतरची गोष्ट. एका मंगळवारी मी गेलो तो मामा फाटकाशीच उभे. "आदल्या राती एक गाय आलीय. कालनीवाली. पोट बघा म्हणजे कळंल."

गाय तांबडी, गावठी, मध्यम वयाची. डावी कूस फुगलेली, गच्च. आणि पाठीचा कणा मात्र असा वर आलेला, की मणके मोजावेत. शहरातल्या लोकांना अशी गाय रस्त्यात दिसली तर ती गाभण वाटते. ती गाभण नसते, उपाशी असते. मी मुठीने कूस दाबली. निरोगी गाईच्या कुशीत मूठ रुतते आणि खालून पोट मिनिटाला एक-दोनदा हलके उसळी घेते. येथे मूठ ओल्या मातीच्या भिंतीवर टेकावी तशी टेकली. पोट हलतच नव्हते. चार दिवस तिने रवंथ केले नव्हते, असे आणून सोडणाऱ्यांनी सांगितले.

गाईच्या पोटाची रचना मोठी मौजेची आहे आणि तीच तिचा घात करते. बकरी ओठांनी निवडून खाते. गाय जिभेचा वेढा घालून घास ओढते आणि जेमतेम चावून गिळते. निवडटिपण करण्याची तिला सवय नाही. सावकाश बसून रवंथ करू, असा तिचा हिशेब असतो. गिळलेले सारे पहिल्यांदा कोटीपोटात पडते. केवढी तरी मोठी ती पखाल! तेथे असंख्य सूक्ष्म जीव चारा आंबवतात, मग तो घासाघासाने तोंडात परत येतो. गवताच्या काडीची ही कथा झाली. प्लास्टिकच्या पिशवीचे तसे नाही. ती आंबत नाही, रवंथाबरोबर वर येत नाही आणि पुढच्या अरुंद वाटेने खालीही जात नाही. आत राहते, दुसऱ्या पिशवीची वाट पाहत. दोन-चार वर्षांत त्यांचा सुतळी-चिंध्यांसकट एक गोळा होतो आणि चाऱ्याला जागा उरत नाही. समोर कडबा असून गाय उपासाने मरते.

ह्याहून वाईट म्हणजे खिळा. तो कोटीपोटाच्या पुढच्या जाळीसारख्या कप्प्यात जाऊन पडतो. पोट आकसले की पुढे सरकतो, पडदा भेदतो आणि हृदयाला टोचतो. गळ्याखाली सूज आली, मानेची शीर उडू लागली, की समजावे. मोंढेवाली अशीच गेली. मी तिच्यासाठी काही करू शकलो नाही. पशुवैद्याला रोगी काही सांगत नाही असे लोक म्हणतात. ते खरे नाही. तो सगळे सांगतो, फक्त फार उशिरा सांगतो.

कॉलनीवालीवर शस्त्रक्रिया करायची असे ठरले. ठरविणारा मीच. अशक्त गाय, चार दिवसांचा उपास, टेबलावर मरण्याची भीती. टेबल म्हणजे तरी काय? लोखंडी नळ्यांचा खोडा. ही शस्त्रक्रिया गाय उभी असतानाच करतात. पाठीच्या कण्याजवळून मज्जातंतूंना बधिर करणारी औषधाची सुई दिली, की डाव्या कुशीला संवेदना राहत नाही. मामांनी तिचे डोके धरले आणि तिच्या कानाशी ते काहीबाही बोलत राहिले. ते काय बोलतात हे मी कधी विचारले नाही.

कातडे, स्नायू, मग कोटीपोट. त्याची कड कातडीला टाक्यांनी शिवून घेतली, म्हणजे आतली घाण उदरात उतरत नाही. मग छेद दिला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

तो वास मी वर्णन करीत नाही. दिवाळीचा अंक आहे. पहिल्यांदा हाती आली ती नायलॉनची दोरी. तिच्या मागोमाग, विहिरीतून गाळ उपसावा तशा, पिशव्या. दुधाच्या, भाजीच्या, कापडाच्या दुकानाच्या. एक चामड्याचा पट्टा, मूठभर खिळे, मंगलकार्यालयातला पत्रावळीचा चंदेरी कागद आणि रुपयाचे एक नाणे. मी काढत होतो आणि एक पोरगा घमेल्यात भरत होता. दीड तास हे चालले. शेवटी तराजूवर घातले तेव्हा ओले सत्तावीस किलो भरले.

हा आकडा काही विक्रमी नव्हे. आंध्रातल्या पुट्टपर्तीच्या करुणा सोसायटीने अशाच गाईंच्या पोटातून याहून कितीतरी अधिक प्लास्टिक काढले आणि २०१२ मध्ये हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात नेला होता. ते सारे मला ठाऊक होते. ह्या विषयावर दोन शाळांतून मी भाषणेही दिली होती. टाळ्याही मिळाल्या होत्या.

आतले पोट शिवून झाले, कातडीचे टाके चालू होते. मामा घमेल्याशी बसून पिशव्या काडीने वेगळ्या करीत होते. पोटातले प्लास्टिक ते नेहमी असे पाहत. खिळे निघाले तर वेगळे ठेवत, पुन्हा कोणा गुराच्या पोटात जाऊ नयेत म्हणून. एकदम म्हणाले, "डाक्टरसाहेब, ही गाठ तर तुमच्या टाक्यावानी दिसायली."

मी वळून पाहिले. पिशवीच्या तोंडाचा तेवढा तुकडा शिल्लक होता, बाकी पिशवी फाटून गेली होती. दोन बंद एकमेकांभोवती दोनदा फिरविलेले, वर उलट फेरा. टोके कात्रीने कापलेली. अर्धा इंच. ना कमी, ना जास्त.

"आन ही बी," मामा म्हणाले. "ही बी."

त्यांनी फरशीवर ओळीने मांडल्या. सात होत्या.

त्या क्षणी मला कॉलनीचा कोपरा दिसला. विजेच्या खांबाखाली कचऱ्याचा ढीग. रात्री जेवणे झाली की उरलेला भात, शिळी पोळी, केळीची साले असे सगळे पिशवीत भरून, तोंड घट्ट आवळून, टोके कापून मी तेथे ठेवून येत असे. कुत्र्यांनी पसरू नये म्हणून गाठ घट्ट. शिवाय मनात असाही एक पुण्याचा हिशेब असे, की अन्न आहे, एखाद्या गाईच्या मुखी लागेल. ते लागले. तिला हात नाहीत. असते तरी माझी गाठ तिला सुटली नसती. ती कापावी लागते.

आणि गायही ओळखीची निघाली. रोज सकाळी आमच्या फाटकाशी एक तांबडी गाय येत असे, सौभाग्यवती तव्यावरची पहिली पोळी तिला हाताने भरवी. आठ-दहा दिवस ती आली नव्हती. तिच्या उजव्या शिंगाचे टोक मोडलेले होते. समोरच्या खोड्यातल्या गाईच्याही उजव्या शिंगाचे टोक मोडलेले होते. मी ते तासभर पाहत होतो, पण रोग्याचे शिंग म्हणून. आपल्या दाराशी येणारीचे म्हणून पाहिले नव्हते.

मामा माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "असेल," आणि उरलेले टाके घालायला वळलो.

आयुष्यात मी लहानमोठी असत्ये पुष्कळ बोललो असेन. पण त्या 'असेल' इतके हलके काही बोललो नाही. मामांनी पुन्हा विचारले नाही. रजिस्टरात मी लिहिले, 'कोटीपोटात बाह्य पदार्थ, प्लास्टिक, वजन सत्तावीस किलो.' ते कोणाचे, असा रकाना त्यात नव्हता. सात गाठींपैकी एक मात्र मी धुऊन, कापसात गुंडाळून बॅगेत टाकली. का, ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी गाय उभी होती. तिसऱ्या दिवशीही उभी होती, पण रवंथ नाही. सलाईन झाले, सुया झाल्या, पोट मात्र मुके. मंगळवार-शनिवारचा नियम मोडून मी रोज जात होतो. दवाखान्यातल्या शिपायाने विचारले, "साहेब, गाय कोणा मोठ्या माणसाची आहे काय?" चौथ्या दिवशी मी मामांना म्हणालो, "तिच्या पोटातले जंतूच मेले आहेत. चारा घातला तरी आंबणार कशाने?"

मामा उठले. यष्टी सावलीत बसून सुखाने रवंथ करीत होता. मामांनी त्याच्या जबड्यात झटक्यात हात घातला आणि चघळत असलेला घास काढून घेतला! यष्टी आश्चर्याने बघतच राहिला. तो हिरवा, ओला घास मामांनी गाईच्या जिभेमागे सारून तिचे तोंड मिटून धरले. असे त्यांनी त्या दिवशी पाच-सहा वेळा केले. निरोगी जनावराच्या कोटीपोटातला रस आजाऱ्याला पाजावा, असे आमच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्याला लांबलचक नाव आहे, ते परीक्षेत मी बिनचूक लिहिले होते. मामांनी ते कोठे वाचले नव्हते. त्यांच्या आज्याकडून ते त्यांच्याकडे आले होते.

सहाव्या दिवशी सकाळी फाटकातूनच मामा ओरडले, "चघळायलीय!" मी जाऊन पाहिले. ती खाली बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि जबडा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरत होता. ह्या जगात गाईच्या रवंथाइतके शांत दृश्य नसेल. मी खोड्याच्या नळीवर बसून ते बराच वेळ पाहिले.

त्या रात्री मी कापसातली गाठ काढून सौभाग्यवतीपुढे ठेवली आणि सर्व सांगितले. गाय कोणती तेही सांगितले. ती मला बोलेल, निदान रडेल, असे वाटले होते. तिने गाठ हातात घेऊन दिव्याखाली पाहिली, नखाने सोडवून पाहिली. सुटली नाही. मग म्हणाली, "पोळी मी देत होते आणि पिशवी तुम्ही. म्हणजे दोन्ही आपल्याच घरचे." थोड्या वेळाने म्हणाली, "गाठ मारायला शिकलात, आता सोडायला शिका."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात झाकणाचा एक डबा आला. उरलेसुरले अन्न त्यात पडते, आणि मंगळवारी-शनिवारी मी जाताना साली, देठ वेगळे काढून पांजरपोळात नेत असे. उरलेल्याचे परसात खत होते. पुढे २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी जाहीर केली. पहिले काही महिने कापडी पिशव्यांचा मोठा थाट होता. मग पातळ पिशवी भाजीच्या टोपलीखालून हळूच डोके वर काढू लागली. ही हातात धरायची पिशवी स्वीडनमध्ये निघाली ती १९६५ साली. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठा आहे. माझ्या लहानपणी आई उरलेला भात गाईपुढे घमेल्यात ओतत असे, त्याला गाठ मारायची कोणाला सुचत नसे. म्हणजे ही सवय आपल्या वाडवडिलांची नव्हे. एका पिढीत लागली आहे, एका पिढीत जाऊही शकेल. पण हे मी भाषणातल्या वक्त्यासारखे सांगत नाही, आरोपीच्या पिंजऱ्यातून सांगतो आहे.

मामांना मात्र खरे सांगायला मला दोन वर्षे लागली. सांगितले तेव्हा ते विडी विझवून म्हणाले, "मला त्याच दिशी ठाव होतं. तुमच्या हातचा टाका काय मला वळखू येत न्हाई?" "मग बोलला का नाहीत?" तर म्हणाले, "बोललो असतो तर तुमचा हात कापला असता. टाके अर्धे राह्यले व्हते गाईचे."

मी २०२० साली निवृत्त झालो. वसुबारसेला मात्र अजून पांजरपोळात जातो. त्या दिवशी गावातली कुटुंबे ताटे घेऊन येतात, लहान मुले गाईला हात लावायला घाबरतात आणि मग सोडायला तयार होत नाहीत. फार गोड गर्दी असते. पण पशुवैद्याच्या दृष्टीने वसुबारसेचा दुसरा दिवस आणि पोळ्याचा दुसरा दिवस हे वर्षातले सर्वांत धावपळीचे. पुरणपोळी, भात, लाडू असे एकाच दिवशी पोटात गेले, की कोटीपोटात आम्ल वाढते आणि धडधाकट जनावर आडवे पडते. तेव्हा वाचकहो, एक विनंती. नैवेद्याचा घास घासापुरताच द्यावा. भक्ती अधिक असेल तर हिरव्या चाऱ्याची एक पेंढी आणावी; आणि काहीही आणा, पण पिशवीतून आणू नका.

कॉलनीवाली अजून आहे. आता म्हातारी झाली आहे. डाव्या कुशीवर माझ्या टाक्यांची रेघ आहे, तेथे केस पांढरे उगवले आहेत. गेल्या वसुबारसेला सौभाग्यवतीने नेहमीप्रमाणे हाताने पोळी पुढे केली, एकच. गाईने ती घेतली. मग तिने माझ्याकडे तोंड वळविले आणि माझा हात हुंगला. माझ्या हातात काही नव्हते. तरीही ती हुंगत राहिली.